पायरीवर बसलेले

१५ ऑक्टोबर, मंगळवार

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आज पडद्यावर माझे स्वरतंतू दाखवले. दोन्ही काठांवर तांदळाच्या कणीएवढ्या गाठी.

"किती वर्षं ओरडताय?"

"ओरडत नाही, उपदेश करतो. बावीस वर्षं."

"मग बावीस वर्षं उपदेश ओरडताय. आता सहा आठवडे बंद. कुजबुजसुद्धा नाही."

मी पुढे काही विचारणार तर त्यांनी ओठांवर बोट ठेवले. पहिल्या बाकावरच्या पोरांना मी असाच गप्प करतो.

येताना बायकोने एक पाटी आणि खडूचा डबा घेतला. म्हणाली, "लग्नाला चोवीस वर्षं झाली. आता सहा आठवडे शेवटचा शब्द माझा."

प्रवचनमालिका नुकती सुरू केली आणि हे व्हावे! जुने विश्वासणारे मेल्यावर कुठे गेले, हा विषय मी चार रविवारांसाठी घेतला होता. अब्राहाम, मोशे, दावीद: ख्रिस्त जन्माला येण्यापूर्वी शेकडो वर्षे डोळे मिटलेली माणसे. पहिल्या रविवारी त्यांना अधोलोकाच्या दारापर्यंत नेले आणि तिथेच माझा आवाज बसला. आमच्या चर्चच्या मंडळीचे चिटणीस संध्याकाळी येऊन गेले. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "बिचाऱ्यांना भलत्याच ठिकाणी सोडून आलात, पाळकसाहेब."

१७ ऑक्टोबर, गुरुवार

मालिका पुस्तकरूपाने लिहायची, असे ठरवले. तोंड बंद केले म्हणून माणूस बंद होत नाही.

बायकोची शाळा सकाळी साडेसातला सुरू होते ती चारपर्यंत. फोन आला, दारात कोणी आले, तर मी काय करणार? म्हणून तिने ताईला बोलावले. माझ्या ताईला! एकोणीस वर्षांत आम्ही नात्यातल्या लग्नांत समोरासमोर आलो की "बरा आहेस?" आणि "बरी आहेस?" एवढेच बोलतो. बाबांचे चष्म्याचे दुकान आता तीच चालवते. दुपारी एकला दुकान बंद करते, पाचला उघडते. मधल्या वेळात यायला ती कशी तयार झाली, देव जाणे.

आली ती दारातूनच म्हणाली, "भोंगा बंद पडला म्हणे."

लहानपणी मी हाक मारली की तीन घरे पलीकडचे कुत्रे उठायचे. म्हणून भोंगा.

मी पाटीवर लिहिले: "ये, बस."

तिने वाचले, बसली आणि म्हणाली, "वा! या घरात माझं वाक्य पहिल्यांदा पूर्ण होणार."

बायकोने तिला माझ्या जेवणाचेही बघायला बोलावले असावे. पण तिने स्वयंपाकघरात पाऊलही टाकले नाही. चार वाजेपर्यंत माझ्या टेबलासमोर बसून राहिली.

२० ऑक्टोबर, रविवार

चिटणीसांनी उपासना चालवली. प्रवचन बारा मिनिटांचे. बाहेर पडताना लोक प्रसन्न दिसत होते. हे इथे लिहितो आणि विसरतो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरे प्रकरण लिहून झाले. मते तीन आहेत. एक म्हणते, जुने भक्त मरताच थेट देवापाशी गेले. दुसरे म्हणते, ते निजले आहेत. शेवटच्या दिवशी हाक येईल तेव्हा उठतील, आणि मधली हजारो वर्षे त्यांना एका डुलकीएवढी वाटतील. तिसरे माझे. ते अधोलोकात होते, पण दुष्टांपासून वेगळे, अब्राहामाच्या उराशी विसावलेले. वधस्तंभावर मेलेला ख्रिस्त खाली उतरला, त्याने ती कवाडे उखडली आणि त्यांना हाताला धरून वर नेले. प्रश्न मिटला. माझ्या छापील प्रश्नोत्तरीत गेली बावीस वर्षे हेच उत्तर आहे. बाप्तिस्मा घेऊ इच्छिणारा प्रत्येक जण ते तोंडपाठ म्हणतो.

ज्या देवाने अब्राहामाला तंबूबाहेर आणून आकाशातले तारे दाखवले, तो त्याला अंधारात टाकून विसरून जाईल? या कल्पनेनेच मला चीड येते! देवाला माणसाची वेळ चुकल्याचे सोयरसुतक नसते. कोणी आधी जन्मला, कोणी नंतर. प्रेम काही घड्याळ बघून दार उघडत नाही.

हा परिच्छेद मला फार आवडला. ताईच्या पुढे सरकवला. तिने चष्मा कपाळावर चढवून तो वाचला. जवळचे ती तसेच वाचते.

"अब्राहामाचा बाप्तिस्मा झाला होता का रे?"

मी लिहिले: "नाही. तो जुन्या कराराच्या काळातला."

"अस्सं! म्हणजे तुमच्याकडे खिडक्या आहेत. ही अर्जदारांची, ही जुन्या खातेदारांची." तिने कागद परत सरकवला. "आणि बाबांची खिडकी कोणती?"

मी खडूला टोक काढत बसलो. खडूला टोक काढत नाहीत, हे तिच्याही लक्षात आले असेल.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

काय घडले होते ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यात घोळणार नाही.

आमच्या घरात विश्वासात प्रथम मी आलो, नंतर ताई. बाबा सर्वांत शेवटी, सत्तरीला टेकल्यावर. माझ्याच वर्गाला येऊन बसायचे. बाप्तिस्मा व्हायच्या आधी एका सकाळी दुकानाचे कुलूप उघडताना ते खाली कोसळले. मी तेव्हा बत्तीस वर्षांचा, नवा पाळक, सगळी मंडळी माझ्याकडे बघत होती. नियम असा की पुनरुत्थानाच्या निश्चित आशेचे शब्द बाप्तिस्मा झालेल्यांच्याच कबरेवर म्हणायचे. मी ते म्हटले नाहीत. साधी प्रार्थना केली. ताई माझ्याकडे बघत राहिली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही नोंदवहीतून मंडळीतल्या मृतांची नावे मोठ्याने वाचतो. त्या वर्षी मी वाचली. बाबांचे नाव आले नाही. ते येणारच नव्हते, कारण नोंदवहीत नव्हते. ताई उठून बाहेर गेली ती पुन्हा आत आली नाही.

नियम मी केला नव्हता.

३० ऑक्टोबर, बुधवार

ताईची आता टेबलासमोरची जागा ठरली आहे. रोज गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगते. एका म्हातारबुवांना नवा चष्मा लावून दिला तर ते बायकोकडे बघून म्हणाले, "अरेच्चा, तू अजून इथेच!" मी आवाज न काढता हसलो, तर ती म्हणाली, "हसायला डॉक्टरची बंदी आहे का?" मी लिहिले, "माहीत नाही." ती म्हणाली, "मग हस. पकडला गेलास तर माझं नाव सांग. लिहून."

आज बाबांच्या तक्त्याचा विषय निघाला. डोळे तपासायला इतर दुकानांत सुटी अक्षरे असतात. बाबांनी स्वतः तक्ता लिहिला होता, बायबलमधल्या जुन्या विश्वासणाऱ्यांच्या यादीवरून. सर्वांत वर ठसठशीत हाबेल, मग हनोख, नोहा, अब्राहाम, सारा. खाली खाली अक्षर बारीक होत जाते आणि शेवटची ओळ मुंगीएवढी: ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत ते.

"बाबा विचारायचे, कुणापर्यंत दिसतंय?" ताई म्हणाली. "आणि लोक सांगायचे, मला नोहापर्यंत. मला सारापर्यंत. ती शेवटची ओळ कुणालाच दिसायची नाही. तर बाबा म्हणायचे, नाही दिसली तरी आहे हं ती तिथे."

बाबा विश्वासात यायच्या कितीतरी आधीपासून तो तक्ता भिंतीवर होता. मला वाटायचे, त्यांना सुटसुटीत नावे हवी होती म्हणून ती घेतली.

२ नोव्हेंबर, शनिवार

२५ तारखेला लिहिले ते खरे आहे, पण पुरते नाही.

बाबांचा बाप्तिस्मा राहून गेला नव्हता. मी राहू दिला. वर्गाच्या शेवटी सगळ्यांसमोर तोंडी परीक्षा असे. आठ प्रश्न. बाबांनी सात बरोबर सांगितले. आठवा: ख्रिस्तापूर्वी मेलेले विश्वासणारे कुठे आहेत?

बाबा म्हणाले, "पायरीवर बसलेत. दुकान उघडायच्या आधी आलेली गिऱ्हाइकं बसतात ना, तशी. मालकाला माहीत असतं कोण कोण आलंय. मागाहून येणारेही आले की एकदम दार उघडेल."

वर्गात हशा पिकला. माझे कान तापले. स्वतःच्या बापाला पास केला, असे कोणी म्हणू नये, एवढेच माझ्या डोक्यात होते. मी म्हणालो, "पुढच्या तुकडीत बसा." त्यांना मी 'बाबा' म्हणालो नाही. सर्वांना म्हणतो तसे म्हणालो.

ते म्हणाले, "बरं, साहेब."

त्यानंतर तेविसाव्या दिवशी ते गेले.

ताईला हे माहीत नाही. तिला बाबांनी सांगितले होते, "माझीच तयारी कमी पडली गं." म्हणून ती मला फक्त नियमासाठी धरून आहे. तिला वाटते, मी दगड झालो. मी दगड झालो नव्हतो, मी घाबरलो होतो. दगडाला तरी कोणी दोष देत नाही.

गेले तीन दिवस बायबलमधली ती यादी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. तिच्या शेवटी स्पष्ट लिहिले आहे की त्या सर्वांना वचनाचे फळ मिळाले नव्हते, आणि आपल्यावाचून ते पूर्णतेला जाणार नव्हते. आपल्यावाचून! बावीस वर्षे हे वाक्य मी कवाडे उखडण्याच्या गडगडाटात बुडवून टाकले. कवाडे उखडली, यावर माझा विश्वास आजही पक्का आहे. पण वर नेलेले लोकही अजून कोणासाठी तरी थांबले आहेत, हे त्या वर्गात एकाच माणसाला दिसले होते.

५ नोव्हेंबर, मंगळवार

आज ताईला सांगितले.

काल चार पाने लिहिली होती, त्यात नियम, वय, मंडळीचे दडपण, सगळे सविस्तर. सकाळी वाचली तर प्रवचनासारखी वाटली. फाडून टाकली. ती आल्यावर पाटी घेतली आणि लिहिले: "बाबांना मी नापास केलं होतं."

"कशात?"

पुसले. लिहिले: "तोंडी परीक्षेत. एका उत्तरासाठी."

"कुठल्या?"

पुसले. ते उत्तर बाबांच्या शब्दांत लिहिले. पाटी पुरली नाही म्हणून कडेने आडवे लिहावे लागले. तिने पाटी हातात घेऊन फिरवत फिरवत वाचले.

मग तिने तळहाताने पाटी पुसली. इतकी घासून पुसली की खडूचा मागमूस राहिला नाही. पर्स घेतली आणि गेली. दार आपटले नाही. आपटले असते तर बरे झाले असते.

९ नोव्हेंबर, शनिवार

ती आली नाही.

बायको वह्या तपासत होती. तिला पाटीवर लिहून दाखवले: "जेवणाचं मी बघेन. ताईला पुन्हा त्रास देऊ नकोस."

"जेवणासाठी कुठे बोलावलं होतं मी वन्संना?" ती मान वर न करता म्हणाली.

मग कशासाठी, हे न सांगता तिने पुढची वही उघडली. वह्यांचा गठ्ठा मोठा होता.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

आज एकला दार वाजले. ताई. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी.

बसली नाही. उभ्यानेच बोलली. "त्या दिवशी दुकानात गेले आणि तक्ता भिंतीवरून काढला. म्हटलं, हा आता त्याच्या टेबलावर नेऊन टाकते, रोज बघू दे. आठवडाभर तसाच पडला होता. गिऱ्हाइकाला विचारावं तर भिंतीवर नुसता खिळा. आज आणायला म्हणून काचेतून बाहेर काढला." तिने कागद उलगडला. "बाबा गेल्यावर याला काच बसवून घेतली, तेव्हा चौकटवाल्याचा माणूसच भिंतीवरून परस्पर घेऊन गेला होता. मागची बाजू मी कधी बघितलीच नव्हती. तू बघ."

मागे पेन्सिलीने बाबांचे अक्षर. वर शीर्षक: पुढची तुकडी. खाली माझे आठ प्रश्न. सातांची उत्तरे नीटनेटकी. आठव्यापुढे माझे छापील उत्तर अर्धे उतरवून खोडलेले, पुन्हा उतरवून पुन्हा खोडलेले. आणि त्याखाली:

हे अजून नीट बसत नाही. मुलाला परत विचारणे. तो छान समजावून सांगतो.

ताईने पाणी आणून ठेवले. स्वयंपाकघर तिला बरोबर सापडले.

"मी तुला शिव्या घालायला येणार होते," ती म्हणाली. "आठवडाभर तयारीही केली होती. चांगल्या होत्या." मग पदराने टेबलावरची खडूची भुकटी पुसत म्हणाली, "पण त्यांनाच तुझा राग नव्हता. आता माझ्या एकटीच्या रागाचं मी काय करू, तू सांग. तू तर सगळं छान समजावून सांगतोस."

पाटी जवळच होती. ती मी उलटी करून ठेवली.

जाताना तिने तक्ता पुन्हा गुंडाळला. "हा मला लागतो. गिऱ्हाइकं खोळंबतात."

१८ नोव्हेंबर, सोमवार

पुस्तकाचे दुसरे प्रकरण फाडले. तिसरे आधी लिहितो आहे. त्याचे नाव पायरी.

चिटणीसांना बोलावून पाटीवर लिहिले की येत्या रविवारच्या नावांत बाबांचे नाव वाचायचे.

ते अवघडले. सज्जन माणूस आहे. "पण ते नोंदवहीत नाहीत ना, पाळकसाहेब. आज तुमचे वडील घेतले, तर उद्या कोण कोण येईल!"

मी लिहिले: "हाबेलही नोंदवहीत नाही."

त्यांनी पाटी पुन्हा वाचली. मग म्हणाले, "माझा एक भाऊ होता." मी त्यांच्या भावाचे नाव विचारून घेतले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

गाठी विरघळत आल्या आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज दहा मिनिटं बोला, हळू. बाळ झोपलंय अशा घरात बोलतात तसं."

पहिला शब्द कोणता उच्चारावा यावर मी पाच आठवडे विचार करत होतो. प्रत्यक्षात दवाखान्याच्या जिन्यावर बायकोला म्हणालो, "सांभाळ, पायरी ओली आहे."

ताईला कळवले की रविवारी दहा वाजता बाबांचे नाव वाचणार. ती म्हणाली, "बघू."

२४ नोव्हेंबर, रविवार

ताई आली नाही, असे आधी वाटले. बाक भरले, तरी ती दिसेना. मग उघड्या दारातून तिची पाठ दिसली. प्रार्थनामंदिराच्या बाहेरच्या पायरीवर, रस्त्याकडे तोंड करून बसली होती.

मी व्यासपीठावर चढलो नाही. खालीच उभा राहिलो. म्हणालो, "आज यादी जरा आधीपासून सुरू करू या." आणि वाचू लागलो: हाबेल. हनोख. नोहा. अब्राहाम. सारा. लोक चमकले, मग शांत झाले. एवढ्या हळू आवाजात मी त्या भिंतींमध्ये कधी बोललो नव्हतो. ऐकायला सगळेच पुढे वाकले होते. बावीस वर्षे मी त्यांना बाकाला पाठ टेकून बसवले होते.

मग बाबांचे नाव वाचले. आणि म्हणालो, "यांचा बाप्तिस्मा झाला नाही, कारण मी त्यांना पुढच्या तुकडीत बसायला सांगितलं. त्यांचं उत्तर माझ्यापेक्षा बरोबर होतं. पुनरुत्थानाच्या निश्चित आशेने आपण त्यांची आठवण करतो." एकोणीस वर्षांपूर्वी कबरेवर म्हणायचे शब्द तेवढेच होते. त्यांना अर्धे मिनिटही लागले नाही.

त्यानंतर चिटणीसांचा भाऊ. मग नोंदवही, पहिल्या पानापासून. शेवटी ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत ते.

उपासना संपली, लोक गेले, तरी ताई पायरीवरच होती. मी शेजारी जाऊन बसलो.

"आवाज फारच बारीक लागला तुझा," ती रस्त्याकडे बघत म्हणाली. "बाहेर काही ऐकू आलं नाही. परत सांग."

मी बाबांचे नाव घेतले. पूर्ण, आडनावासकट.

"हं," ती म्हणाली. "आता आलं."

आत चिटणीस बाक सरळ करत होते, त्यांचा आवाज येत होता. मग ती उठली, साडी झटकली.

"वही फार लांब धरून वाचतोस तू. नंबर वाढलाय. उद्या दुकानात ये. दहाला उघडते. लवकर आलास तर पायरीवर बस."

ती तर दाराकडे पाठ करून बसली होती. मी वही कशी धरली ते तिला कसे कळले, हे विचारायचे राहूनच गेले. माझी दहा मिनिटे संपली होती.